नवसाला पावलेल्या एव्रिदिकी

नावांच्या बाबतीत माझी चूक होत नाही. आमच्या बेटावर कुणालाही विचारा! बंदरावरच्या कॉफीच्या दुकानासमोर उभं राहून "निकोलास!" अशी हाक मारली, तर निम्मं दुकान उठतं आणि उरलेलं निम्मं "कुठला निकोलास?" म्हणून विचारतं. मी मात्र स्वयंपाकघरात कांदा चिरता चिरता, अंगणात वाजलेल्या नुसत्या चपलेवरून सांगते, की हा लंगड्याचा निकोलास, हा जाळीवाल्याचा निकोलास, आणि हा उसनी दोरी मागायला आलेला निकोलास. दार उघडण्याआधीच मी दोरी लपवलेली असते!

आमच्याकडे रीतच तशी आहे. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव, पहिल्या मुलीला आजीचं. आणि आजी म्हणजे वडिलांची आई, बरं का. आईच्या आईचा नंबर दुसऱ्या मुलीला. यात कुणी बदल केला तर सासवा जेवण सोडतात. माझ्या सासूबाईंचं नाव एव्रिदिकी. त्यांना तीन मुलगे. तिघांनाही पहिली मुलगीच झाली. म्हणजे एका घरात, एका आडनावाच्या, तीन एव्रिदिकी! थोरल्या दिरांची पिरेअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरावर असते, धाकट्या दिरांची जर्मनीत, आणि मधली माझी. माझी म्हणजे माझी एकुलती एक लेक. ती मेलबर्नला आहे. जगाच्या नकाशावर आमचं बेट शोधायला भिंग लागतं आणि तिथून मेलबर्नपर्यंत बोट सरकवायला अख्खा हात लांब करावा लागतो, इतकी दूर.

सहा वर्षं झाली तिला पाहून. फोनवर दिसते, नाही असं नाही. पण फोनवरच्या माणसाच्या केसांना वास नसतो.

तर या वर्षी मी ठरवलं, नवस बोलायचा. ऑगस्टच्या पंधरा तारखेला देवमाता पनायियाचा सण असतो. त्याच्या आधीचे दिवस आम्ही उपासाचे पाळतो. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, मी तर तेलसुद्धा सोडते. उपास मी दरवर्षी करते, त्याचं विशेष नाही. या वर्षी वर ठरवलं, की रोज उजाडायच्या आत अनवाणी डोंगरावरच्या देवळात जायचं, देवमातेपुढे दिवा लावायचा, आणि मागणं मागायचं. लेक सणाला घरी आली की तसबिरीपाशी चांदीची बाहुली अडकवायची.

नवस चुकायला नको म्हणून मी आधी पापा-फोटिसना विचारायला गेले. ते आमचे धर्मगुरू. देवळामागच्या वाफ्यात टोमॅटोला पाणी घालत होते.

"पापा-फोटिस, एव्रिदिकी सणाला घरी यावी म्हणून नवस बोलायचाय. नाव कसं घेऊ? तिचं सासरचं आडनाव लावू, की आपलं?"

"पोलिक्सेनी, देवापुढे आडनाव घ्यायचं नसतं. बाप्तिस्म्याचं नाव तेवढं घे. ते काय टपाल आहे?"

"मग मेलबर्न तरी सांगू का?"

"आता देवमातेला तू पत्ता सांगणार? अगं, तिला सगळं ठाऊक असतं. तू फक्त नाव घे आणि गप्प बस. गप्प बसणं हा प्रार्थनेचा अवघड भाग असतो."

मला ते पटलं. पटायलाच हवं, चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी, परदेशी गेलेल्यांसाठी ते असंच नुसती नावं वाचतात. निकोलास, निकोलास, निकोलास, मारिया, निकोलास. देव बरोबर ओळखून घेतो. तेव्हा मी पहिल्या पहाटे देवमातेपुढे गुडघे टेकले आणि म्हटलं, "आई, एव्रिदिकीला घरी आण." आणि गप्प बसले.

घरी येऊन मी सासूबाईंचा पलंग घासूनपुसून ठेवला. लोखंडी आहे, उशाशी पितळी गोळे. त्यावर माझ्या हाताची भरतकामाची चादर घातली. माझा नवरा स्तामातिस दारातून बघत होता.

"कुणी येणार आहे का?"

"कुणी नाही."

"मग तुझ्या तळपायाला काटे कसले?"

"चप्पल तुटली."

"दोन्ही?" तो म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला. चाळीस वर्षं नावा दुरुस्त केलेला माणूस आहे. कुठली फट बुजवायची आणि कुठली तशीच ठेवायची, त्याला कळतं.

आणि सांगते काय, नवस पावला! इतक्या लवकर, की मीच घाबरले. अंगणात चपला वाजल्या. मी ओळखल्या, आणि ओळखून खाली बसले.

"काकूऽऽ!"

पिरेअसची एव्रिदिकी! हातात दोन बॅगा आणि एक पिंजरा. पिंजऱ्यात पिवळा पक्षी.

"काकू, काय सांगू! दुकानात गिऱ्हाईकाचे केस धूत होते, आणि एकदम वाटलं, चल, घरी जाऊया. गिऱ्हाईकाला तसंच साबणात ठेवून आले!"

मी तिला जवळ घेतलं. चमच्यात द्राक्षांचा मुरंबा घालून दिला, वर थंड पाणी. मनात म्हटलं, असू दे. देवमाता एकदम लांबचं काम घेत नसेल, आधी जवळचं करून बघत असेल.

दुसऱ्या पहाटे मी डोंगरावर जाऊन पुन्हा तेच मागणं मागितलं. थोडं जोरात मागितलं.

जर्मनीची एव्रिदिकी आली!

ती यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. पाठीवर घराएवढी पिशवी. "काकू, अशी ओढ लागली ना, की रजेचा अर्ज जिन्यातच लिहिला," ती म्हणाली. आल्या आल्या तिनं आमचा नळ दुरुस्त केला. तो आधी थेंब थेंब गळत होता, आता कारंज्यासारखा उडायला लागला. संध्याकाळी मी चर्चमधून येते तर हिनं माझ्या उपासाच्या कढईत चार अंड्यांचं ऑम्लेट केलेलं!

"अगं बाई, उपास आहे!"

"मला नाहीये काकू."

"तुला नसेल, कढईला आहे!"

तेवढ्यात पिरेअसची पुढे आली. "सांगितलं मी तिला, काकू. म्हटलं, पोरी, पनायियाच्या उपासात अंडं? तर म्हणते कशी, अंडं ताजं आहे!"

"तू त्यातलं निम्मं खाल्लंस की," जर्मनीची म्हणाली.

"चव बघितली!"

त्या दिवसापासून घरात एकच गोंधळ. कुणी दारातून "एव्रिदिकी!" म्हटलं की दोघी "ओ" द्यायच्या, आणि तिसरं कोणी "ओ" देतंय का म्हणून मी कान लावायची. पक्षीसुद्धा "एव्रिदिकी" म्हणायला शिकला. मेल्यानं आवाज हुबेहूब माझाच उचलला!

मी डोंगरावर जात राहिले. हो, भीती वाटत होती. पण नवस मध्येच सोडता येतो का?

मग म्हातारी एव्रिदिकी आली.

ही माझ्या सासूबाईंची चुलतबहीण. दोघींची आजी एक, म्हणून दोघींना नाव एक. आणि आमच्याकडे आणखी एक रीत आहे. आजीचं नाव जिला, आजीचा पलंग तिला. आता नाव दोघींना आणि पलंग एक! तो सासूबाईंकडे आला, आणि चुलतबहीण अथेन्सला निघून गेली ती गेलीच. सासूबाईंच्या मातीलासुद्धा आली नाही. आणि आज दारात उभी! अंगावर काळे कपडे, हातात काठी, मागे बॅग उचलून धापा टाकणारा टॅक्सीवाला निकोलास.

"पोलिक्सेनी ना तू? जाड झालीस," ती म्हणाली. "पलंग कुठाय?"

"आजीबाई, आधी पाणी तरी…"

"पाणी नंतर. आयुष्यभर पाणीच प्यायलेय. पहाटे जाग आली आणि कुणीतरी कानात म्हणालं, एव्रिदिकी, घरी जा. ही आले."

 कुणीतरी म्हणालं! आता कोण म्हणालं ते मी कसं सांगू?

आजीबाई थेट आत गेल्या. लेकीसाठी घातलेल्या भरतकामाच्या चादरीवर बसल्या. पितळी गोळ्यावरून हात फिरवला. मग काठी आडवी ठेवली, आणि आडव्या झाल्या.

"हा पलंग एव्रिदिकीचा. मी एव्रिदिकी. विषय संपला!"

"मग आम्ही कोण?" पिरेअसची म्हणाली. "मारिया?"

"तुम्ही नंतरच्या. रांगेत राहा."

स्तामातिस दाराशी मिशीतल्या मिशीत हसत होता. "पलंग एक आणि एव्रिदिकी तीन. चौथी आली तर गच्चीवर गादी टाकतो."

चौथी! त्याला कुठं ठाऊक, की चौथीसाठीच हा सगळा खटाटोप होता. की होतं ठाऊक?

रात्रीच्या जेवणाला चवळी आणि जैतुनाची फळं. जेवता जेवता आजीबाई म्हणाल्या, "नाव तरी काय दिलंय मेल्यांनी! आमच्या आजीचे वडील शाळामास्तर. पुराणांचं वेड. मुलगी झाली आणि नाव ठेवलं एव्रिदिकी. हे आठवलं नाही, की पुराणातली एव्रिदिकी घरी पोचलीच नव्हती! साप चावून मेली, नवरा तिला पाताळातून आणायला गेला. अट एकच, वाटेत मागं वळून बघायचं नाही. उजेड दिसला, उंबरा दोन पावलांवर आला, आणि मेल्यानं वळून बघितलं. गेली परत!"

"पण आजी, पुराणात ती एकटी थोडीच आहे?" जर्मनीची म्हणाली. "क्रेऑन राजाची राणीसुद्धा एव्रिदिकीच."

"ती कशी होती?" पिरेअसचीनं आशेनं विचारलं.

"तिनं जीव दिला."

"छान! म्हणजे निवडीला भरपूर वाव होता मास्तरांना!"

"पुराणांचं काय घेऊन बसलात," स्तामातिस म्हणाला. "तिथं सासरा कोण आणि जावई कोण, देवालाही कळत नाही. ट्रॉयच्या लढाईत दोन आयास होते म्हणे. थोरला आणि धाकटा. आमच्या बंदरावर नऊ निकोलास आहेत, लढाई रोज चालू असते!"

सगळे हसले. मीही हसले. पण हातातला घास मी ताटात परत ठेवला. डोंगरावरून उतरताना मी रोज त्याच वळणावर थांबते आणि मागं वळून बघते. तिथून समुद्र दिसतो. बोट दिसली तर तिथूनच दिसेल ना, म्हणून. म्हणजे रोज मीच…

दुसऱ्या पहाटेपासून मी वळणं बंद केलं. मान अशी ताठ ठेवून उतरायची, की खाली भेटणाऱ्या बाया विचारायला लागल्या, "पोलिक्सेनी, मानेला काय झालं?"

मग मी पापा-फोटिसना गाठलं. सगळं सांगितलं. ते टोमॅटोच्या वाफ्यातच बसून हसले. डोळे पुसून म्हणाले, "मग? देवमातेनं ऐकलं नाही असं तर नाही ना?"

"पापा-फोटिस, तुम्हीच म्हणालात फक्त नाव घे!"

"म्हणालो. आता कुणाला परत पाठवू ते सांग. पिरेअसचीला?"

"नको हो. तिच्या नवऱ्यानं फोनसुद्धा केला नाही तिला. रोज फोन उलटा ठेवते आणि रोज सुलटा करून बघते."

"जर्मनीचीला?"

"नको. तिला तिथं मोठ्यानं हाक मारणारं कुणी नाही म्हणे. आडनावानं हाक मारतात सगळे."

"मग म्हातारीला?"

म्हातारी आदल्या संध्याकाळी सासूबाईंच्या फोटोशी भांडत होती. भांडून दमली, मग फोटोची काच स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालानं पुसत बसली.

"कुणालाच नको," मी म्हटलं. "पण माझी, पापा-फोटिस. माझी कुठाय?"

ते हसायचे थांबले. एक टोमॅटो तोडून माझ्या हातात दिला. 

पुढच्या पहाटे मी नियम मोडला. आडनाव घेतलं नाही, पण खूण सांगितली. "आई, या तिघी पाठवल्यास, तुझे उपकार. पण माझी ती नव्हे गं. माझी कणीक मळताना गुणगुणते ती. लहानपणी झोपताना माझा कान धरून झोपायची ती. निघताना बोटीवरून हात हलवला नाही, कारण हलवला असता तर उतरली असती, ती." एवढं सांगून मी गप्प बसले. गप्प बसणं खरंच अवघड होतं.

सणाच्या आदल्या दिवशी मी प्रसादाची कणीक मळत होते, तेवढ्यात बंदराकडून आरोळी आली.

"एव्रिदिकी येतेय! एव्रिदिकी टोकाला वळली!"

मी बघितलं. पिरेअसची अंगणात केस वाळवत होती. जर्मनीची नळाखाली होती, म्हणजे नळ तिच्यावर होता. म्हातारी पलंगावर घोरत होती. तिघी घरात! मग टोकाला वळली ती कोण?

मी धावले! कोपरापर्यंत कणीक, पायात चप्पल नाही, डोक्यावरचा रुमाल गेला वाऱ्यावर. साठीच्या बाईनं धावू नये असं म्हणतात, पण म्हणणाऱ्यांना लेकी जवळ असतात. माझ्यामागे पिरेअसची धावली, "काकू, आग लागली का?" तिच्यामागे जर्मनीची हातात पाना घेऊन, तिच्यामागे शेजारच्या बाया, त्यांच्यामागे कोंबडी. धक्क्यावर मी लंगड्याच्या निकोलासचा हात धरला.

"कुठाय? कुठाय एव्रिदिकी?"

"ही काय समोर!"

समोर एक अजस्र पांढरी बोट धक्क्याला लागत होती. तिच्या नाकाडावर माणसाएवढ्या निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, एव्रिदिकी.

"नेहमीची बोट बिघडली ना, काकी. सणाची गर्दी म्हणून कंपनीनं ही पाठवली. केवढी आहे बघा! आतमध्ये म्हणे सिनेमापण आहे!"

धक्क्यावरचे सगळे हसायला लागले, कारण तोवर स्तामातिस पोचला होता आणि म्हणत होता, "बघ, आता तर नांगरासकट पाठवली!"

मी हसले नाही. मी तिथंच उभी राहिले. म्हटलं, बोट कुठलीही असो, माणसं तर आतून उतरणारच. उतरली. मेणबत्त्या घेतलेल्या बाया, मुलं, एक गिटारवाला, कलिंगडांचा टेम्पो. शेवटच्या माणसापर्यंत थांबले. शेवटच्यानंतरही थांबले. मग खलाशानं साखळी लावली. स्तामातिस माझ्या शेजारी येऊन उभा राहिला होता. त्यानं खिशातून माझ्या चपला काढल्या आणि पायाशी ठेवल्या.

"दोन्ही आणल्यात," तो म्हणाला. म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

सणाच्या दिवशी मी चांदीची बाहुली तसबिरीपाशी अडकवली. अडकवायलाच हवी! एव्रिदिकी घरी यावी असा नवस होता, त्या आल्या होत्या, त्यातली एक तर बावीसशे टनांची होती. देवमातेपुढे खोटं कसं बोलू? घरी आले तर टेबलाभोवती तिघी. बकरीचं मटण, वाइन, भांडणं. म्हातारी पिरेअसचीचे केस विंचरत तिच्या नवऱ्याला शिव्या देत होती. जर्मनीची हसून हसून खुर्चीतून घसरत होती. नंतर नऊही निकोलास आले, आणि नाचून गेले.

फोन वाजला. मेलबर्नहून. मी फोन घेऊन मागच्या दारी लिंबाखाली गेले.

"आई, सणाच्या शुभेच्छा," माझी म्हणाली. "केवढा आवाज येतोय! कोण आलंय?"

"सगळ्या एव्रिदिकी आल्यात. तू सोडून."

 मग ती हळूच म्हणाली, "आई, एक सांगू? हसायचं नाही. या उपासात मी इथल्या चर्चमध्ये रोज मेणबत्ती लावत होते. तू यावीस म्हणून. मला यायला रजा नाही, तर तुलाच इथं आणावं म्हटलं."

मी लिंबाच्या खोडाला टेकले. "नाव कसं घेतलंस?"

"इथल्या पापांना विचारलं. ते म्हणाले, फक्त बाप्तिस्म्याचं नाव घे. मग मी रोज म्हणायचे, पोलिक्सेनीला घरी आण."

"अगं बाई! मग?"

"मग काय! परवा दाराची घंटा वाजली. ह्याची आत्या. अॅडलेडहून. चार बॅगा घेऊन. अचानक ओढ लागली म्हणे…"

"नाव सांगू नकोस!"

"पोलिक्सेनी," ती म्हणाली.

मग आम्ही दोघी हसलो. इतक्या हसलो, की लिंबावरची चिमणी उडाली. हसता हसता कोण आधी रडायला लागलं ते मला ठाऊक आहे, पण ते मी सांगणार नाही. तेवढ्यात तिकडून खणखणीत आवाज आला, "आईशी बोलतेयस? दे इकडे! हॅलो! मी पोलिक्सेनी!"

"मीसुद्धा," मी म्हटलं.

"काही काळजी करू नका हो! मी उन्हाळ्यापर्यंत आहे इथं!"

"आत्याबाई, एक काम कराल? तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवा."

"कुणाच्या नावानं?"

"पोलिक्सेनीच्या."

"एवढंच ना? घ्या!" ती म्हणाली, आणि तिकडे फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मी श्वास रोखून ऐकत राहिले. पापा-फोटिस म्हणतात तसं, अगदी गप्प बसून.

आणि मला माझी लेक स्पष्ट ऐकू आली. "आत्या! तुमच्या हाताला कणीक लागलीय! आत्ताच केस धुतलेत ना मी!"